कुसुमताई, दलाल

वरठीला स्टेशनकडून कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून एक लहानसा गाळा होता. त्यावर पिवळी पाटी आणि पाटीवर लाल अक्षरं : 'कुसुमताई, दलाल. घरे व जागा.' त्याच रस्त्यावर त्या धंद्यातल्या आणखीही पाट्या होत्या. कोणी 'प्रॉपर्टी कन्सल्टंट' होता, कोणी 'लँड डेव्हलपर', एकजण तर 'भूमी सल्लागार' होता. स्वतःला दलाल म्हणवून घेणारी ही एकटीच.

ओळख जरा जुनी झाल्यावर मी त्यांना एकदा विचारलं, "ताई, पाटीवर दुसरा एखादा बरा शब्द घालता आला नसता का?"

"मास्तर, लोकं मले मागून दलालबाईच मनते," त्या म्हणाल्या. "शिवी मनून मनते. मंग मीच पाटीवर लिवून टाकलं. आता त्याहिनं कितीबी म्हटलं तरी माह्या दुकानाची जाहिरातच होते."

आमच्याकडे बाया 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात. कुसुमताई तशाच बोलत. तहसीलदारासमोर, वकिलासमोर, नागपूरच्या मोठ्या बिल्डरसमोरही त्यांची बोली बदलली नाही. ठेंगणा बांधा, रापलेला रंग, करवती काठाचं सुती लुगडं, पायात टायरच्या तळाची चप्पल. स्कुटी इतकी जोरात हाणत की मागे बसलेला माणूस उतरल्यावर आधी स्वतःला चाचपून बघे.

मी वरठीच्या हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. त्या पहिल्यांदा भेटल्या त्या आमच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत. दर रविवारी शाळेचा एक वर्ग आणि फळा त्यांना भाड्याने हवा होता. कशासाठी, तर घर आणि जागा कशी घ्यायची, कशी विकायची, कागद कसे वाचायचे, हे लोकांना शिकवायला.

मुख्याध्यापक हसले. "बाई, शाळेत दलालीचा वर्ग? उद्या कोणी मटक्याचा वर्ग मागेल."

कुसुमताई उठल्या नाहीत. "सर, तुमी घर बांधलं ना भंडाऱ्याले? प्लॉट घेताना तो अकृषक होता का, पायलं होतं?"

मुख्याध्यापकांचं हसू थांबलं. तो प्लॉट अकृषक, म्हणजे बिगरशेती, झालेला नव्हता आणि त्यासाठी ते किती चपला झिजवत होते ते साऱ्या स्टाफरूमला ठाऊक होतं.

"शाळेत हे शिकवत नाही," कुसुमताई म्हणाल्या, "मनून तं तुमी फसले." एवढं बोलून त्या निघाल्या. वर्ग मिळाला नाही, हे सांगायला नको.

पुढच्या रविवारी मी त्या रस्त्याने जात होतो तर गाळ्याची आतली भिंत काळी कुळकुळीत दिसली. बाईंनी सगळी भिंत रंगवून तिचा फळा केला होता. गाळ्याचा मालक दारात उभा राहून ओरडत होता, "माझी भिंत काळी काहून केली जी?" आणि ताई खडू झाडत म्हणत होत्या, "सोडून जाईन तवा पांढरी करून देईन. आता बसा खाली. तुमालेबी समजन, भाडेकरूनं काय करता येते अना काय नाही." मालक बडबडत निघून गेला. मी मात्र आत जाऊन बसलो. फळ्यावर शेताचा नकाशा काढायचा त्यांचा प्रयत्न चालला होता आणि तो भोपळ्यासारखा दिसत होता. मी खडू मागितला. त्या दिवसापासून त्यांच्या वर्गातले नकाशे माझ्याकडे आले. माझं काम एवढंच.

वर्गाला कोण येत? कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारे कामगार, सायकलीवरून. बचत गटाच्या बाया. एक पोस्टमन. आंधळगाव-मोहाडीकडचे ऑटोवाले. फी घेत, थोडीच, पण घेतल्याशिवाय बसू देत नसत. "फुकट शिकवलं का लोकं झोपते," असं त्यांचं म्हणणं.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा मी कुठल्याच प्रशिक्षणात पाहिली नाही. त्या खोटं बोलून शिकवत. खुर्चीवर बसून म्हणायच्या, "आता मी घर विकून राहिलो. मी खोटं बोलन. पकडा." आणि सुरू. कधी त्या सुरतेत स्थायिक झालेला थोरला भाऊ व्हायच्या, कधी उधारीने गांजलेला दुकानदार. झाडीपट्टीच्या नाटकात गेल्या असत्या तर स्टेज गाजवलं असतं. एकदा त्या म्हाताऱ्या विधवेचं सोंग घेऊन बसल्या. मुलगा विचारत नाही, डोळ्याला दिसत नाही, हे घर म्हणजे धन्याची आठवण, पण तुझ्यासारख्या भल्या माणसाला देते, असं सांगत त्या खरोखर रडल्या. समोरचा पोस्टमन विरघळला. बयाण्याचे, म्हणजे विसाराचे, पैसे काढून देण्याचा अभिनय त्याने इतक्या मनापासून केला की पाकीटच बाहेर आलं.

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "घर कोनाच्या नावानं हाय?"

पोस्टमनने पाकीट परत खिशात घातलं.

"रडली मनून पैसे देले ना बावा? उद्या कोनी हसून मागन, तवाबी देशीन. रडनाऱ्याले पानी द्या, बयाना देऊ नका."

वर्गाची हसून पुरेवाट झाली. पोस्टमनही हसला. कोपऱ्यात स्टोव्हजवळ बसलेले नामदेवराव तेवढे हसले नाहीत, ते चहा गाळत होते. नामदेवराव म्हणजे ताईंचे यजमान. कारखान्याच्या कँटीनमधून निवृत्त झालेला शांत माणूस. वर्गाचा चहा, पोहे, तर्री सगळं त्यांच्याकडे. कोणी चेष्टेने विचारलं, "काका, तुमचं काय पद इथं?" तर म्हणत, "मी तिचा पयला भाडेकरू. अजून खाली नाही केलं."

ताई आंधळगावच्या. विणकरांचं घर. वडील, आजोबा सगळे मागावर बसलेले. स्वतः ताईंनीही लग्नापर्यंत साड्या विणल्या होत्या. मग घराघरातले माग बंद पडत गेले. कोणी नागपूरला गेलं, कोणी सुरतेला. ताई लग्न होऊन वरठीला आल्या. वडील वारले तेव्हा मागे राहिलं ते एक मोठं राहतं घर आणि त्याला लागून मागांची लांबोडकी खोली.

तिन्ही बहिणींना भावाने, वसंताने, मोहाडीला नोंदणीच्या ऑफिसात बोलावलं. हक्कसोडीवर सह्या करायच्या होत्या. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. बहिणीने भावाला हिस्सा सोडून द्यायचा, भावाने राखीला, दिवाळीला साडी द्यायची, ही आमच्याकडची रीतच. दोघी धाकट्यांनी सह्या केल्या. कुसुमताईंनी कागद वाचायला घेतला.

"वाचून कायले राहिली?" वसंता म्हणाला. "तिथं सही कर ना."

"मी नाही करत."

वसंताला आधी चेष्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. ऑफिसच्या व्हरांड्यात ओळखीची माणसं उभी होती. तो हळू आवाजात म्हणाला, "चार लोकं पाहून राहिले, बाई. दर साली साडी देईन ना तुले. कमी करन का?"

"वसंता," ताई म्हणाल्या, "साडीची गोष्ट कोष्ट्याच्या पोरीले नको सांगू. साडी मले विनता येते. घर विनता येत नाही."

"मंग आजपासून तुले माहेर बंद."

"बरं," म्हणून त्या व्हरांड्यातून खाली उतरल्या. मला हे सांगताना त्यांनी एवढंच जोडलं, "मास्तर, खाली उतरलो अना दोनदा मांग वळून पायलं. पन सही नाही केली ते नाहीच केली." बहिणी पुढे वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. गावात लग्नाकार्यात त्यांना पाहून बाया तोंड फिरवत. आपला हिस्सा मागणाऱ्या बाईला आमच्याकडे चोरापेक्षा वाईट समजतात.

वाटणीत ताईंना मागांची खोली आली. वसंताने मुद्दाम तीच दिली. जमिनीत मागांचे खड्डे, कौलं फुटलेली, संडास नाही. कोणी ती विकत घेईना. ताईंनी ती वर्षभर नुसती पाहिली. आणि मग त्यांच्या डोक्यात जे आलं त्यातून त्यांचा सगळा धंदा उभा राहिला.

कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डिंग करणारा रामदास नावाचा माणूस तेव्हा वरठीत एका खोलीत बायको आणि दोन लेकरं घेऊन राहत होता. घर घ्यायची ऐपत होईल असं त्याला वाटत नव्हतं. पक्की नोकरी नाही म्हणून बँक दारात उभी करत नव्हती. ताई त्याला म्हणाल्या, "भाडं तं तू तसंबी देतंच. मले दे. पन आज आपन किंमत ठरवू. खड्डे तू बुजव, कौलं तू बदल, तुही मजुरी किमतीतून कापू. भाड्यातला बी एक हिस्सा किमतीत धरू. ठरल्या मुदतीत बाकीचं भरलं का घर तुह्या नावानं. नाही जमलं तं तुही मजुरी तुले वापस." हे सगळं त्यांनी वकिलाकडून लिहवून घेतलं आणि नोंदणी केली.

वसंता गावभर हसत सांगत सुटला, "बाईनं बापाची जागा वेल्डरले फुकटात देली. तो आता निघनच नाही." तो निघाला नाहीच. मुदतीच्या आधी रामदासने खरेदी करून घेतली. दाराला स्वतःच्या हाताने घडवलेलं लोखंडी फाटक बसवलं, त्यावर बायकोचं नाव वेल्डिंगने काढलं. त्या पैशातून ताईंनी दुसरं पडीक घर घेतलं. मग त्या परगावी गेलेल्या लोकांकडे जाऊ लागल्या. त्यांना म्हणायच्या, घर पडून राहिलं, वाळवी खाऊन राहिली, मी राहणारा माणूस देतो. इकडे कामगार, तिकडे रिकामी घरं. मध्ये ताई. या व्यवहाराला त्यांनी नाव दिलं होतं 'राहता-राहता खरेदी'. बँकवाले म्हणत, असं काही नसतं. ताई म्हणत, "तुमच्याकडं नसन. माह्याकडं हाय."

घर पाहायला गेल्या की त्या पुढच्या खोलीत बसत नसत. आधी मागच्या परसात जात. संडास उघडून बघत. नळ सोडत. भिंतीला कान लावत. मालक अवघडून उभा राही. मग चहा. चहा घेताना सौद्याचं बोलत नसत, लेकराबाळांचं विचारत. मात्र एकदा चहा अर्धा सोडून उठल्या, तेव्हा मी बरोबर होतो.

मोहाडीकडच्या एका गावातलं घर. मालक नागपूरला स्थायिक झालेले, सुशिक्षित गृहस्थ, सौद्यासाठी बायकोला घेऊन आले होते. घर कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या सिद्धार्थ नावाच्या पोराला द्यायचं होतं. सगळं ठरलं. मी जागेचा कच्चा नकाशाही काढला. मालकांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं, "पोरगा कोणाचा आहे?"

"त्याच्या बापाचा," ताई म्हणाल्या.

"तसं नाही जी. कोणत्या समाजाचा?"

ताईंनी कप खाली ठेवला. "दादा, तुमाले घर विकायचं हाय का पोरगी द्यायची हाय?"

"रागावू नका. मला गावात राहावं लागते."

"तुमी तं नागपूरले राहता!"

गृहस्थांनी बशी तोंडाला लावली. आतून त्यांची बायको दारापर्यंत आली होती, ती खाली मान घालून उभी राहिली. ताई उठल्या. मीही कप ठेवला. फाटकाबाहेर आल्यावर स्कुटीला किक मारता मारता त्या म्हणाल्या, "चला मास्तर. कमिशन गेलं. पन चहाबी पातळच होता."

स्कुटी मात्र त्या दिवशी त्यांनी हळू चालवली. वरठीला पोचल्यावर म्हणाल्या, "त्या पोराले काय सांगू आता? जागा नाही जमली मनू? खोटं मी वर्गात बोलतो, गिऱ्हाइकाले नाही." त्यांनी सिद्धार्थला खरं तेच सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मले नवीन नाही हे. पन सांगितलं ते बरं केलं." मग ताईंनी वरठीतच, स्टेशनच्या पलीकडे, त्याच्यासाठी घर शोधलं. त्या घराच्या मालकाला त्यांनी कितीदा गाठलं असेल देव जाणे. पुढे नागपूरच्या गृहस्थांचा फोन आला, घर अजून पडून आहे, त्या पोराला विचारा. ताईंनी दुकानात सगळ्यांदेखत उत्तर दिलं, "तो पोरगा तुमचं घर पाहायले तयार नाही. तुमी कसे आहा ते त्याले मालूम झालं."

पण ताईंची खरी कसोटी लागली ती बोडीच्या लेआउटवर. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, धानाला पाणी द्यायला जुन्या लोकांनी बांधलेला. वरठीपासून थोड्या अंतरावर अशी एक बोडी कित्येक वर्षं गाळाने भरत आली होती. एका लेआउटवाल्याने तिच्या पोटात आणि काठावर प्लॉट पाडले. नाव घेत नाही, सगळे त्याला भैयाजी म्हणत. तो ताईंकडे आला, तेव्हा मी दुकानात नकाशा काढत बसलो होतो. अतिशय गोड बोलणारा माणूस.

"ताई, तुमच्यावर कामगार लोकांचा विश्वास आहे," तो म्हणाला. "तुम्ही फक्त आमच्या लेआउटबद्दल वर्गात सांगा. मी तुमच्या नावाचा हॉल बांधून देतो. एसी लावून. हा काळा गाळा कशाला?"

ताईंनी विचारलं, "बोडीत पानी येते ना जी?"

"आता कुठं येते? भराव टाकतो आपण."

"भराव तुमी टाकसान. पानी कोन टाकते मालूम हाय ना?"

भैयाजी हसला. "विचार करा," म्हणून गेला. तो गेल्यावर नामदेवराव पहिल्यांदाच धंद्यातलं बोलले. "कुसुम, या मानसाशी भांडू नको. त्याच्यामांग मोठे लोकं हाय."

"मी कुठं भांडून राहिलो? मी वर्ग घेतो."

आणि त्यांनी वर्ग घेतला. भैयाजीने भर उन्हाळ्यात भूमिपूजन ठेवलं होतं. मांडव, कूलर, मठ्ठा, आजूबाजूच्या गावांतून आणलेली माणसं. त्या रविवारी ताईंनी आपला सगळा वर्ग सायकली-स्कुट्यांवर तिथेच नेला. मांडवात जाऊन मागच्या रांगेत बसल्या. भाषण झालं, नारळ फुटला, बुकिंग सुरू झालं म्हणून माइकवरून सांगितलं. ताई उठल्या. त्यांना माइक लागत नसे.

"भैयाजी, माह्या वर्गातल्या लोकांचे प्रश्न हाय. इचारू का?"

इतक्या लोकांत नाही कोण म्हणणार? ताई वळल्या. "रामदास, तू इचार."

वेल्डर रामदास उठला. "सातबाऱ्यावर ही जागा काय मनून नोंदली हाय जी?"

भैयाजीने शेजारी बसलेल्या आपल्या माणसाकडे पाहिलं. माणसाने कागद चाळले. "ते काम चालू आहे," असं उत्तर आलं. बचत गटाच्या एका बाईने विचारलं, पाणी जायला वाट कुठून? पोस्टमन उठला. त्याने खिशावर हात ठेवून विचारलं, "अना जागा आज कोनाच्या नावानं हाय?" आमचे लोक हसले. पण मांडवातले बाकीचे हसले नाहीत, ते ऐकत होते. मग वर्गाबाहेरचा एक म्हातारा उठला, मग एक बाई. प्रश्न थांबेनात. शेवटी माइकवर गाणी लावली. पण बुकिंगच्या टेबलापुढची रांग मोडली होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी ताई, नामदेवराव आणि मी दुकान उघडायला गेलो तर पाटीवर डांबर फासलेलं. नामदेवराव घासलेट आणि चिंधी घेऊन धावले. ताईंनी त्यांना थांबवलं. डांबराचा अर्धा डबा पायरीजवळच टाकून गेले होते.

"फळा फिका पडून राहिला होता," त्या म्हणाल्या. "उचला तो डबा. लावून टाका भिंतीले."

आम्हाला हसायला आलं, ताई मात्र पाटीकडेच बघत होत्या. त्याच आठवड्यात गाळ्याच्या मालकाने खाली करायला सांगितलं. तो बिचारा ताईंकडे बघतही नव्हता. ताईंनी वाद घातला नाही. नामदेवरावांकडून भिंत पांढरी करवून घेतली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. दुसरा कोणी त्यांना गाळा देईना. सगळ्यांना भैयाजीचा निरोप गेला होता. महिना-दोन महिने एकही सौदा झाला नाही. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो तर त्या अंगणात नुसत्या बसल्या होत्या. अशा रिकाम्या बसलेल्या मी त्यांना कधी पाहिल्या नव्हत्या.

"चुकलं का जी माहं?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "नाही. बोडी ते बोडी."

रविवारी त्यांनी वर्ग आठवडी बाजाराच्या ओट्यांवर भरवला. बाजाराचा दिवस नसला की ते सिमेंटचे ओटे मोकळेच असत. ग्रामपंचायतीचा एक माणूस आला, परवानगी आहे का म्हणाला. ताई म्हणाल्या, "बाजार हाय ना? मीबी विकूनच राहिलो. अक्कल विकतो. पावती फाडा." त्याने खरंच ओट्याची पावती फाडली आणि मग स्वतःच थोडा वेळ ऐकत उभा राहिला.

पावसाळा आला आणि बोडी भरली. भराव ढासळला. प्लॉटच्या खुंट्या पाण्यात अर्ध्या बुडून उभ्या राहिल्या, रंगीत झेंड्यांसकट. ज्यांनी प्रश्नांकडे कानाडोळा करून पैसे भरले होते ते एकेक करून ताईंकडे येऊ लागले. त्यांत एका रविवारी वसंता आला.

मी त्याला ओळखत नव्हतो. पन्नाशी उलटलेला, दाढी वाढलेला माणूस सायकल धरून ओट्यांपाशी उभा होता. ताई बोलता बोलता थांबल्या. वर्गही थांबला.

"दोन प्लॉट घेतले होते," वसंता म्हणाला. "पोराइसाठी."

मला वाटलं आता ही बाई मोहाडीच्या व्हरांड्यापासून सगळं काढणार. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. "बस. वर्ग सुरू हाय."

तो बसला. पूर्ण वर्ग ऐकला. नामदेवरावांनी त्याला पोहे दिले. वर्ग सुटल्यावर ताईंनी अशा सगळ्यांना एकत्र बसवलं, वकील गाठला. एकेकट्याने नाही, सगळ्यांनी मिळून दावा लावायचा हे ठरवलं. ते प्रकरण लांबलं. शेवटी भैयाजीला तडजोड करावी लागली. सगळ्यांचं सगळं परत आलं नाही. वसंताचंही नाही. ताई त्याला म्हणाल्या, "जे नाही आलं ते फी समज."

पुढच्या राखीला वसंताने त्यांना आंधळगावला बोलावलं. त्या गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, "मग, माहेर उघडलं?"

"बंद कवा होतं?" त्या म्हणाल्या. "कुलूप त्यानं लावलं होतं. घर तं माहंबी होतं." मग जरा वेळाने, "साडी देली त्यानं. काठ ढिला हाय. पन नेसन मी."

शेवटी शेवटी त्या नाकाडोंगरीपर्यंत जाऊन वर्ग घेत. वरठीत सिद्धार्थने त्यांना आपल्या घराची पुढची खोली दिली होती. तिथे पुन्हा पिवळी पाटी लागली, तोच शब्द. मग पोटात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं. त्या ऑपरेशननंतर त्या परत आल्या नाहीत. गेल्याची बातमी नामदेवरावांनीच मला फोनवर सांगितली. पण मला त्या आठवतात त्या नागपूरला निघाल्या त्या सकाळच्या.

मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. ताई बाकावर बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. नामदेवराव थर्मास आणि पिशवी सांभाळत होते. एवढ्यात एक नवीन लग्न झालेलं जोडपं धावत आलं. दुकानाला कुलूप दिसलं म्हणून विचारत विचारत इथवर आलं होतं. पोरगा म्हणाला, "ताई, उद्या घराचा बयाना द्यायचा हाय. तुमाले इचारल्याशिवाय नको, असं ही मनते."

"गाडी येऊन राहिली ना," नामदेवराव म्हणाले.

"येऊ द्या," ताई म्हणाल्या आणि त्या पोरांना शेजारी बसवून घेतलं. कुठं आहे, कोणाचं आहे, वारस किती, सगळ्यांच्या सह्या मिळणार का, एकेक विचारत गेल्या. पोरगा धडाधड उत्तरं देत होता. बरीचशी बरोबर होती. ताई मान हलवत होत्या. गाडी आली. आम्ही दोघांनी धरून त्यांना डब्यात चढवलं. जागा मिळाली होती, पण त्या दारातच थांबल्या.

"अना रस्ता?" त्यांनी विचारलं. "घरापासून सडकेवर यायचा रस्ता?"

"हाय ना ताई, चांगला मोठा हाय."

"हाय का मनून नाही इचारलं! कोनाच्या जागेतून हाय?"

पोरगा बायकोकडे बघू लागला. गाडी हलली.

"मालूम नाही ना? मंग बयाना देऊ नको! आयकून राहिला का? नको..."

पुढचं ऐकू आलं नाही. गाडीने वेग घेतला. नामदेवराव त्यांना दंडाला धरून आत ओढत होते आणि त्या एका हाताने दांडी पकडून, दुसरा हात बाहेर काढून जोरजोरात हलवत होत्या, नाही, नाही, नाही. फलाटावरच्या लोकांना वाटलं असेल, बाई निरोप देते आहे. सिग्नल ओलांडेपर्यंत तो हात दिसत होता.

पोरगा हिरमुसून म्हणाला, "पन आपन तं शब्द देला त्याहिले."

"देला तं देला," त्याची बायको म्हणाली. "चाल, आधी रस्ता पाहू." आणि ती त्याच्यापुढे चालू लागली.